ओल, आच आणि घरखर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यातल्या चाळीत वाढले, लग्न होऊन पाचपाखाडीत आले आणि आता अधूनमधून लेकीकडे ऐरोलीला मुक्कामाला असते. तिन्ही ठिकाणी प्रश्न तेच. कुणी जिन्यात गाठून विचारतं, कुणी रात्री साडेदहाला फोनवर, ‘काकू, जाग्या आहात का?’ म्हणून. एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. आमच्या ठाण्याकडे घरातला पैसा दोन वाटांनी जास्त जातो: वस्तू ओलीनं खराब होतात, नाहीतर आच उगाच जळत राहते. म्हणून बरेचसे प्रश्न फिरून त्या दोघींपाशीच येतील.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. मीठ भेसळीचं आहे का?

नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक दिवस त्याच्या वरच असते, त्यातून खाडी दाराशी. बरणीत भाजलेले तांदूळ टाकतात ते ठीक आहे, पण ते दाणे एकदा पाणी पिऊन भरले की त्यांचं काम संपलं. दर पंधरा दिवसांनी बदलले नाहीत तर नुसती शोभा. मी आठवड्यापुरतं मीठ बरणीत काढते, बाकीच्या पिशवीचं तोंड रबरानं बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात. ओलं झालेलं मीठ फेकू नका, तांब्याची भांडी घासायला ठेवा. त्याचं पुढे सांगते.

तांदळात टोके आणि रव्यात अळ्या कुठून येतात? डबा तर घट्ट बंद होता.

डब्यात शिरत नाहीत, दुकानातूनच आलेल्या असतात. तांदळात पडणारा सोंडेवाला किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, ते डोळ्यांना दिसत नाही. ऊब आणि ओल मिळाली की बाहेर पडतो. म्हणजे डबा घट्ट असला तरी पाहुणे आधीच आत.

रवा, दलिया, शेवया आणल्या दिवशी कोरड्या भाजा, पूर्ण गार झाल्यावर भरा. गरम भरलात तर झाकणाला वाफ धरते आणि तीच ओल घात करते. बेसन, मैदा भाजायचा नसेल तर पिशवीसकट आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी आणि अळ्या थंडीनं मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरेल.

गहू आणि तूरडाळीला एरंडेल चोळायचं, दाणा नुसता चकाकेल इतकंच. हाताला लावून घोळवलं की पुरतं. वाटीभर ओतलं तर पोळ्यांना वास येतो. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका. त्याला बारीक चिरा जातात आणि भात शिजताना कण्या होतात. सावलीत पंख्याखाली पसरा.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. आमच्या आईच्या पिढीनं दोन्ही सर्रास वापरलं हे खरं आहे. पण पारा हे विष आहे, ती गोळी धान्यात फुटली तर वेचून काढता येत नाही. बोरिकही पोटात जायची वस्तू नव्हे.

मग वर्षाची बेगमी करावी की नाही?

मी बंद केली. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहत होतो. 26 जुलै 2005 च्या पावसात घरात गुडघाभर पाणी आलं आणि मे महिन्यात उन्हं दाखवून, निवडून, एरंडेल लावून भरलेलं गव्हाचं पिंप अख्खं गेलं. दोन दिवसांनी उघडलं तर गव्हाला मोड.

पूर नसला तरी हिशोब बघा. वन बीएचकेत धान्याच्या दोन कोठ्या म्हणजे एका कपाटाची जागा, आणि जागेचा भाव ठाण्यात काय आहे ते मी सांगायला नको. तीन महिन्यांचं घ्या. लाल तिखट, हळद, गोडा मसाला आणि पापड मात्र उन्हाळ्यातच करून ठेवावे, कारण ते वाळवायला लागणारं ऊन पुन्हा ऑक्टोबरशिवाय मिळत नाही.

वाशीच्या मार्केटमधून कांदे-बटाटे आणले तर खरंच स्वस्त पडतात?

भाव स्वस्त पडतो, कांदा पडेलच असं नाही. तिथे व्यवहार गोणीचा. 50 किलोची गोणी चौघींत वाटून घेतली, सोबत रिक्षा-टेम्पोचं भाडं धरलं आणि तरीही किलोमागे चार पैसे सुटले तरच जा. एकट्या घरानं गोणी घेतली की शेवटचे दहा किलो सडतात आणि वाचलेले पैसे त्या सडक्या कांद्यांबरोबर जातात. पावसाळ्यात तर नकोच. जुना ठाणेकर जांभळी नाक्याच्या बाजारात जातो, तेवढ्यावर भागतं.

आणल्यावर कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्याला मोड लवकर येतात. दोन्हींना वारा हवा आणि अंधार हवा. हिरवा पडलेला बटाटा सोलूनही खाऊ नये.

कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते.

धुवून ठेवता म्हणून. मुळं कापा, न धुता कोरड्या कागदात गुंडाळा, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कागद ओला झाला की बदला. देठ वाटणात घाला, पानांपेक्षा चव त्यांनाच जास्त.

गॅस महिना पुरत नाही. नेमकं कुठे वाचवू?

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण इथे खरंच वाचतं.

पाणी 100 अंशांना उकळतं. एकदा उकळलं की आच कितीही मोठी केली तरी ते जास्त गरम होत नाही, फक्त वाफ जास्त होते. म्हणजे आमटीला खळखळून उकळी आल्यावरही मोठी आच ठेवली, तर तो गॅस अन्न शिजवत नाही, स्वयंपाकघर तापवतो. उकळी आली की आच बारीक, वर झाकण. एवढ्या एका सवयीनं फरक पडतो.

कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी साधारण 120 अंशांपर्यंत जातं, म्हणून तिथे डाळ लवकर शिजते. पण आपण शिट्ट्या मोजतो तिथे चुकतं. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर पडणं. डाळ शिजते ती दाबाखाली किती मिनिटं राहिली त्यावर. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ बघा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत होते. मग गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या, त्या वेळातही आत शिजत असतं. शिट्टी चमच्यानं उचलून वाफ सोडणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली उष्णता खिडकीबाहेर सोडणं. आणि हात भाजतो तो वेगळाच.

खाली डाळ, वर भात, त्यावर दोन बटाटे: एकाच कुकरात तीन डबे. आमच्या आया हेच करत होत्या. आता प्रत्येक पदार्थाला वेगळं भांडं लागतं, त्याला काय म्हणावं!

छोले, राजमा रात्रभर भिजवा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, की बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर गार झाल्यावर काढून सुईनं साफ करा, धुतलात तर पूर्ण वाळवूनच बसवा.

सिलिंडर घेताना काय बघायचं?

आत गॅस 14.2 किलो असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज करून वजन करून मागा. संकोच कसला? तपासणीची मुदतही बघा: वरच्या पट्टीवर A, B, C, D पैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. A म्हणजे जानेवारी ते मार्च, D म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, ती चांगली दिसत असली तरी.

पाइप गॅस आला. जुनी शेगडी टाकून द्यावी लागेल का?

नाही. जोडणी करणारा माणूस शेगडीतले जेट, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकाच्या तोट्या, बदलून देतो. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो, त्यामुळे भोक मोठं लागतं. न बदलता जोडली तर ज्योत मिणमिणते. पुन्हा सिलिंडरवर गेलात, उदाहरणार्थ भाड्याचं घर बदललंत, तर जेटही पुन्हा बदलायचे. हे विसरू नका, कारण मोठ्या भोकावर सिलिंडरचा गॅस लावणं धोक्याचं आहे.

आणखी एक फरक: पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दोन्हीकडे एकच नियम: गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, चालू असलेलं बंद करायलाही नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर आहे. तो घराबाहेर जाऊन लावा.

दूध नासलं. फेकू?

आधी वास घ्या. तापवताना फाटलं असेल आणि वास नुसता आंबूस असेल तर लिंबू पिळून पूर्ण फोडा, फडक्यात गाळा, पनीर झालं. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. फाटलेलं दूध न गाळता साखर घालून आटवलंत तर कलाकंदासारखं होतं. कडवट किंवा कुजका वास असेल तर मात्र सरळ ओतून द्या, दोन ग्लास दुधासाठी दवाखाना नको.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो चिमुकला तुकडा गटारात जातो. पिशव्या धुवून वाळवून साठवल्या तर भंगारवाला घेतो.

घरचं तूप कढवणं परवडतं का?

दुधावर अवलंबून आहे. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3. रोज एक लिटर फुल क्रीम घेतलं तर महिन्याला 30 लिटरमध्ये सुमारे 1.8 किलो स्निग्धांश येतो. सगळा काही सायीत हाती लागत नाही. निम्मा लागला असं धरलं तर पाऊण-एक किलो तूप. टोन्डमध्ये त्याच्या निम्मं. टोन्ड दूध घेऊन ‘साय येत नाही’ म्हणून दूधवाल्यावर रागावणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

आता हिशोब पुरा करा: साय काढलेलं दूध घरात कुणी आवडीनं पीत असेल, तर तूप जवळजवळ फुकट. मुलं ‘पातळ लागतं’ म्हणून नाकं मुरडत असतील तर तूप विकतचंच बरं. साय फ्रीजमध्ये साठवा, आठ दिवसांच्या वर ठेवू नका, विरजण लावून घुसळा. ताक मिळतं ते वेगळं. बेरीत कणीक भाजून गूळ घातला की आमच्याकडे दुपारचं खाणं होतं.

रात्रीचा भात सकाळी खाल्ला तर चालतो का?

रात्रभर ओट्यावर राहिलेला असेल तर नाही. आमच्या लहानपणी चालायचा हे उत्तर मला नेहमी मिळतं. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर फोडणीच्या आचेनंही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरून लवकर गार करा आणि तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका. मग सकाळी खुशाल फोडणीचा भात करा, कांदा आणि शेंगदाणे सढळ हातानं.

शिळ्या पोळीला एवढी भीती नाही. कुस्करा करा, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू.

कुठली सालं आणि देठ खरोखर खाण्यासारखे असतात?

दोडक्याच्या शिरांची चटणी सगळ्यांत आधी. शिरा तेलात कुरकुरीत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची, मीठ घालून जाडसर कुटा. भाजीपेक्षा चटणीच संपते. दुधीच्या सालांचीही तशीच. फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून थालीपीठात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून तिथेच. वाटाण्याच्या सालांचं मात्र मला कधी जमलं नाही. इतकी मेहनत करून दातात धागे.

दुधीचा एक तुकडा चिरण्याआधी जिभेला लावून बघायचाच. कडू लागला तर अख्खा दुधी टाका, अगदी महाग असला तरी. त्या कडवटपणातलं द्रव्य विषारी असतं आणि शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्यानं माणसं दगावली आहेत.

तळणीचं तेल किती वेळा वापरावं?

हॉटेलांसाठी 1 जुलै 2018 पासून नियम आहे की तेलातली बिघडलेली घटकद्रव्यं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं. आपल्याकडे घरी मोजायचं यंत्र नाही, डोळे आणि नाक आहेत. तेल काळसर, चिकट झालं, लवकर धुरकटलं, तापवताना फेस यायला लागला, की संपलं. मी तळून झालं की गाळून ठेवते आणि चार-पाच दिवसांत फोडणीला संपवते, पुन्हा तळायला घेत नाही. मुळात कढई लहान घ्या. चार पापडांना अर्धा लिटर तेल कशाला?

मोरीत तेल ओतू नका. पाइप तुंबला की प्लंबरचे पैसे तेलाच्या डब्यापेक्षा जास्त होतात.

दिवाळीच्या आधी चांदी-तांबं-पितळ लख्ख कसं करू?

तांबं-पितळ चिंच आणि मिठानं, ते ओलं झालेलं मीठ इथे काढा. चिंच महाग झाली असेल तर पितांबरी आहेच, ती तर आमच्या ठाण्याचीच. पितळेच्या पातेल्यात कल्हई नसेल तर आंबट काहीही करू नका, ताक-चिंच-कोकम काही नाही.

चांदीला घासायची गरज नाही. भांड्याच्या तळाला अॅल्युमिनियमची फॉइल, त्यावर चांदी, वरून कडकडीत पाणी आणि चमचा-चमचा मीठ व खाण्याचा सोडा. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो, ते गंधक अॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी झिजत नाही. निरांजन, ताम्हन, पेला यांनाच हे करा. मोती किंवा खडे बसवलेल्या दागिन्यांना अजिबात नाही. मी सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या या पाण्यात घातल्या होत्या. मोत्यांची चमक गेली ती गेलीच.

नळावर, बादलीवर पांढरे डाग. कुठलं महागडं लिक्विड आणू?

ते क्षार आहेत, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ते मोठा चमचाभर लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा. पिळून झालेल्या लिंबाच्या फोडीही चालतात, जरा वेळ लागतो. हेच पाणी कडप्प्याच्या ओट्यावर सांडू देऊ नका. कडप्पा हा चुनखडीच आहे, आंबट लागलं की त्याची झिलई जाते. ग्रॅनाइटला काही होत नाही.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसताना बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळजवळ साधं पाणी. वेगवेगळं वापरा. आणि ब्लीच कधीही टॉयलेटच्या अॅसिडमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्या संडासाला खिडकी ती केवढी!

आरओ घ्यावा का?

आधी पाणी मोजा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचा मीटर शेजारीपाजारी कुणाकडे तरी असतोच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 500 पर्यंत टीडीएस चांगला मानतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. लेकीकडे ऐरोलीला मोजलं तर आकडा इतका कमी आला की आरओ म्हणजे चांगलं पाणी गटारात ओतणं ठरलं असतं. तिथे साधा यूव्ही किंवा उकळणं पुरतं. टँकरवरच्या इमारतीत गोष्ट वेगळी. आरओ असेलच तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा, लादी पुसायला आणि संडासात टाकायला होतं.

बिल 300 युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो ना?

नाही, हा गैरसमज ठाण्यात घरोघरी आहे. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, पण महाग दर फक्त त्या टप्प्याच्या वरच्या युनिटांना. 301 वं युनिट महाग, पहिली 300 जुन्याच दरांनी. याचा उपयोग असा की बचत मोजताना शेवटच्या टप्प्याच्या दरानं गुणायचं, कारण तुम्ही वाचवता ती युनिटं वरचीच असतात.

साधा पंखा 75 वॉटचा, नवा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिटं वाचतात, एका पंख्यामागे. जो पंखा सगळ्यांत जास्त फिरतो तोच आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला नव्हे. एसीचं तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते, 24 वर ठेवून पंखा लावा. आंघोळीच्या एका बादलीला गीझर एकतृतीयांश युनिट घेतो, शॉवरखाली गाणी म्हणत उभं राहिलं की हिशोब हातातून जातो.

पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो.

हळू वाळतात म्हणून जंतू वाढतात. मशिनमध्ये कपडे कमी घाला, स्पिन दोनदा द्या, दोरीवर दोन कपड्यांत अंतर ठेवून पंख्याखाली वाळवा. बंद बेडरूममध्ये वाळवलंत तर ते पाणी भिंतीत जातं आणि कपाटामागे बुरशी. कपाटात डांबरगोळ्या ठेवता त्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका, काही तान्ह्या मुलांना त्यानं कावीळ होते. तिथे कडुलिंबाचा वाळलेला पाला.

कुकरमधून कडेनं वाफ जाते. नवा घेऊ?

कुकर नव्हे, रिंग घ्या. ताणलेली रिंग फ्रीझरमध्ये ठेवली की दोन-चार दिवस आवळते, तेवढी सोय. कडक झाली, चिरा दिसल्या की बदलायची. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचाच बसवा, रस्त्यावरचा स्वस्तातला नको, तिथे काटकसर नाही करायची. रिंगचा नंबर लक्षात राहत नसेल तर जुनी पिशवीत घालून न्या, दुकानदार ती बघून बरोबर देतो.